हेवीवेटच्या वेशीवरची माणसं: बॉक्सिंगमधला ‘गेटकीपर’ म्हणजे कोण?

मार्च २०२५ मध्ये माजी जगज्जेता बॉक्सर जॉर्ज फोरमन गेला आणि पुढचे काही दिवस त्याच्या जुन्या लढतींच्या चित्रफिती मोबाइलवर फिरत राहिल्या. १९७४ मधली अलीविरुद्धची लढत बहुतेकांना ठाऊक असते. पण तिच्या आगेमागे इतरही नावं दिसली: ग्रेगोरिओ पेराल्टा, चक वेपनर, जॉर्ज चुवालो, रॉन लाइल, स्कॉट लेडू, जिमी यंग. यातला एकही कधी जगज्जेता झाला नाही. फोरमन मात्र या सगळ्यांशी लढला होता. बॉक्सिंगवर बोलणारे लोक अशा माणसांसाठी एक शब्द सहज वापरून जातात, ‘गेटकीपर’. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे दुय्यम, हरण्यासाठीच आणलेला कुणीतरी. हा अर्थ चुकीचा आहे, आणि या माणसांवर अन्याय करणाराही आहे. तो का, ते समजायला आधी या खेळाची रचना समजून घ्यावी लागते.

आधी शिडी पाहू

ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगची सोडत निघते. जिंकलात तर पुढची फेरी, हरलात तर घर. व्यावसायिक बॉक्सिंगला असा सांगाडा नाही. साखळी सामने नाहीत, गुणतक्ता नाही, उपांत्य फेरी नाही. प्रत्येक लढत सुटी ठरते. दोन्ही बॉक्सरांचे मॅनेजर, पैसे घालणारा प्रमोटर आणि जोड लावणारा मॅचमेकर मिळून ती ठरवतात.

जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्यांना जोड लावणं म्हणजे काय ते सांगायला नको. अंगलट, वजन, आधीच्या कुस्त्या बघून जाणती मंडळी मल्लांची जोड लावतात. जोड तुल्यबळ नसली तर मैदानात बसलेले लोकच आरडाओरडा करतात. बॉक्सिंगमध्ये जोड लावणारा माणूस बहुतेक वेळा प्रमोटरच्या पगारावर असतो. प्रमोटरने एखाद्या तरुणावर पैसा लावलेला असतो, आणि तो वसूल व्हायचा तर तो तरुण इतक्यात हरून चालत नाही.

म्हणून होतकरू बॉक्सरच्या पहिल्या पंधरा-वीस लढती सोप्या ठेवतात. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधतात, तसाच हा प्रकार. हातपाय मारायची सवय होते आणि बुडायची भीती नसते. या लढतींत समोर उभा असतो तो रोजंदारीवरचा बॉक्सर. आठवडाभर आधी फोन आला तरी तो हो म्हणतो, सहसा गुणांवर हरतो आणि धडधाकट घरी जातो. बर्मिंगहॅमचा पीटर बकली हा हलक्या वजनाचा बॉक्सर अशा ३०० लढती लढला, त्यातल्या २५६ हरला. हेही कष्टाचं आणि कसबाचं काम आहे, पण हा गेटकीपर नव्हे.

गेटकीपर त्याच्या बऱ्याच वरच्या पायरीवर असतो. व्याख्या एकदाच करून टाकतो: जगज्जेता होण्यात जो थोडा कमी पडतो, पण ज्याला हरवल्याशिवाय जाणकार कुणालाही जगज्जेतेपदाचा खरा दावेदार मानत नाहीत, तो गेटकीपर. जगात पाचवा ते पंधरावा यांच्या दरम्यान कुठेतरी त्याची जागा असते. पाठीचा डबा सोडून विहिरीत उडी मारायची, ती त्याच्यासमोर.

आणि हेवीवेट म्हणजे? आज २०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ९१ किलोंच्या वरचा बॉक्सर. सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत ही रेघ १७५ पौंडांवर, सुमारे ७९ किलोंवर होती. त्यामुळे तेव्हा ८५ किलोंचा आणि १०० किलोंचा माणूस एकाच रिंगणात उतरायचा.

तो नेमकं काय तपासतो?

सोनाराकडे कसोटीचा काळा दगड असतो. त्यावर दागिना घासला की उमटलेल्या रेघेवरून सोनं किती कसाचं ते कळतं. गेटकीपरचं काम तेच. होतकरू पोराचा ठोसा जोरदार आहे हे पहिल्या वीस लढतींत दिसलेलं असतं. दिसलेलं नसतं ते हे, की असा ठोसा स्वतःला बसला तर तो काय करतो, आठव्या फेरीत दम उरतो का, आणि ठरवलेली चाल चालली नाही तर दुसरी सुचते का.

१९७० च्या फेब्रुवारीत फोरमन पेराल्टासमोर आला तेव्हा त्याच्या बहुतेक लढती दोन-तीन फेऱ्यांत आटोपल्या होत्या. पेराल्टा अर्जेंटिनाचा, वय पस्तिशीच्या घरात, मुळात फोरमनपेक्षा हलक्या गटातला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो फोरमनसमोर दहाही फेऱ्या टिकला. कधी सरकून, कधी कवटाळून, कधी फोरमनचा हात लांबला की आत शिरून. फोरमन गुणांवर जिंकला, पण ताकदीने सगळी दारं उघडत नाहीत हे त्या रात्री त्याला कळलं असणार. सव्वा वर्षाने दोघे पुन्हा भेटले, तेव्हा फोरमनने त्याला दहाव्या फेरीत थांबवलं. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला फोरमनने तेव्हाच्या जगज्जेत्या जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. ते सगळ्यांना आठवतं, पेराल्टाच्या वीस फेऱ्या कुणाला आठवत नाहीत.

माइक टायसनचंही तसंच. १९८६ च्या मे महिन्यापर्यंत १९ वर्षांचा टायसन १९ लढती खेळून सगळ्या नॉकआउटने जिंकला होता. ३ मे रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्समध्ये त्याच्यासमोर जेम्स टिलिस आला. ओक्लाहोमाचा, काउबॉय टोपी घालणारा. पाच वर्षांपूर्वी तो जगज्जेतेपदासाठी माइक वीव्हरशी पंधरा फेऱ्या लढून हरला होता. टायसनने चौथ्या फेरीत त्याला पाडलं, पण तो उठला आणि दहाव्या फेरीची घंटा होईपर्यंत उभा राहिला. टायसनसमोर शेवटपर्यंत टिकलेला तो पहिला बॉक्सर. सतराच दिवसांनी मिच ग्रीनही टिकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात टायसन जगज्जेता झाला. मला विचाराल तर मे महिन्यातल्या त्या वीस फेऱ्यांनी तो त्यासाठी जितका तयार झाला, तितका आधीच्या एकोणीस नॉकआउटनी झाला नव्हता.

अलीचा, म्हणजे तेव्हाच्या कॅशियस क्लेचा, रस्ताही याच वेशींमधून गेला. मार्च १९६३ मध्ये डग जोन्सने त्याला दहा फेऱ्या असं झुंजवलं की निकाल क्लेच्या बाजूने लागल्यावर गार्डनमधल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जूनमध्ये लंडनला हेन्री कूपरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, क्ले चौथ्या फेरीच्या अखेरीस खाली बसला. पुढच्या फेरीत त्याने कूपरची भुवई फोडून लढत जिंकली. आठ महिन्यांनी त्याने तेव्हाचा जगज्जेता सनी लिस्टनला हरवलं तेव्हा जग थक्क झालं. ज्यांनी जोन्स आणि कूपरच्या लढती नीट पाहिल्या होत्या, त्यांना हा पोरगा मार खाऊनही उभा राहतो एवढं तरी माहीत होतं.

त्र्याण्णव लढती, एकदाही खाली नाही

या सगळ्यांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो टोरंटोचा जॉर्ज चुवालो. क्रोएशियन स्थलांतरित कुटुंबातला मुलगा, आखूड मानेचा, रुंद छातीचा. १९५६ ते १९७८ या काळात तो ९३ व्यावसायिक लढती लढला. ७३ जिंकल्या, १८ हरल्या, २ बरोबरीत सुटल्या. या ९३ लढतींत त्याला एकदाही कुणी जमिनीवर पाडू शकलं नाही. फ्लॉइड पॅटरसन, अर्नी टेरेल, अली, फ्रेझर, फोरमन, अशा त्या काळातल्या बहुतेक सर्व भारी माणसांसमोर उभा राहून हा विक्रम आहे. पंचांनी त्याची लढत मध्येच थांबवली ती फक्त दोनदा, १९६७ मध्ये फ्रेझरविरुद्ध आणि १९७० मध्ये फोरमनविरुद्ध. दोन्ही वेळा तो पायांवर उभा होता.

त्याची सर्वांत गाजलेली लढत खरं तर त्याच्यासाठी ठरलेलीच नव्हती. १९६६ मध्ये अली आणि टेरेल शिकागोत लढणार होते. व्हिएतनाम युद्धाबद्दल अली जे बोलला त्यावरून गदारोळ उठला, इलिनॉय राज्याने परवानगी नाकारली, इतर शहरांनीही दारं लावून घेतली. शेवटी लढत टोरंटोला आली आणि टेरेलने अंग काढून घेतलं. चुवालोला तयारीसाठी तीन आठवडेही मिळाले नाहीत. २९ मार्चला मेपल लीफ गार्डन्समध्ये तो अलीसमोर पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहिला. तो अलीच्या बरगड्यांवर आणि कंबरेवर सतत मारत राहिला. बरेच ठोसे कंबरपट्ट्याखाली, म्हणजे नियमाबाहेर गेले, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. अली गुणांवर स्पष्टपणे जिंकला. अली नंतर इस्पितळात गेला आणि मी बायकोला घेऊन नाचायला गेलो, असं चुवालो पुढे अनेकदा सांगायचा. १९७२ मध्ये व्हँकुव्हरला दोघे पुन्हा भिडले. बारा फेऱ्या, निकाल तोच, आणि चुवालो पुन्हा उभाच.

१९६४ मध्ये चुवालोने डग जोन्सला हरवलं होतं. तोच जोन्स, ज्याने क्लेला झुंजवलं. म्हणजे वेशीवरची जागाही लढूनच मिळते. नवा गेटकीपर जुन्याला हरवून तिथे उभा राहतो, आणि पुढे आपल्या पाठीवर दुसऱ्यांचं करिअर तोलतो.

रिंगबाहेर या माणसावर जे कोसळलं ते लिहितानाही हात जड होतो. त्याचे तीन मुलगे हेरॉइनच्या नादी लागले. १९८५ ते १९९६ या अकरा वर्षांत तिघेही गेले, आणि दुसरा मुलगा गेल्यानंतर चारच दिवसांनी त्याच्या पत्नीने जीव दिला. त्यानंतर चुवालो वर्षानुवर्षं कॅनडाच्या शाळाशाळांतून फिरला आणि मुलांसमोर उभा राहून हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगत राहिला. दर वेळी ते पुन्हा आठवायचं, पुन्हा बोलायचं. त्याच्या पंधरा फेऱ्यांपेक्षा मला हे अवघड वाटतं.

‘पण हरला तो हरलाच ना?’

हा आक्षेप साहजिक आहे. बॉक्सरची कुंडली आकड्यांत लिहितात: इतके विजय, इतके पराभव. १८ पराभव दिसले की वाटतं, सामान्य असणार. पण ते पराभव कुणाकडून झाले ते पाहायला हवं. चुवालोच्या पराभवांची यादी वाचली तर अर्ध्या दशकाचा हेवीवेटचा इतिहास डोळ्यांसमोर येतो.

दुसरं म्हणजे माणूस कोणत्या दशकात जन्माला आला यावर पुष्कळ अवलंबून असतं. जेरी क्वारी घ्या. कॅलिफोर्नियाचा, आयरिश वंशाचा, प्रत्युत्तराच्या ठोशात तरबेज. त्याने फ्लॉइड पॅटरसनला हरवलं, अपराजित मॅक फॉस्टरला हरवलं. १९७३ च्या फेब्रुवारीत तोवर अपराजित असलेल्या रॉन लाइलला गुणांवर हरवलं आणि त्याच डिसेंबरात अर्नी शेव्हर्सला पहिल्याच फेरीत आडवं केलं. ज्या शेव्हर्सच्या ७४ विजयांपैकी ६८ नॉकआउट होते, तो शेव्हर्स! तरीही क्वारी जगज्जेता झाला नाही, कारण दरवाज्यापलीकडे अली, फ्रेझर आणि केन नॉर्टन होते. अली आणि फ्रेझरकडून तो दोनदोनदा हरला, नॉर्टनकडून एकदा.

इथे जगज्जेतेपद वाटणाऱ्या संघटनांबद्दल एक वाक्य हवं. साठच्या दशकात अशा दोनच प्रमुख संघटना होत्या. १९८३ मध्ये तिसरी आली, १९८८ मध्ये चौथी. पट्टे वाढले, तसे जगज्जेतेही वाढले. ऐंशीच्या दशकात काही जण वर्षभरापुरता पट्टा बांधून गेले. सत्तरचा क्वारी त्यातल्या बहुतेकांना भारी पडला असता, असं माझं ठाम मत आहे. त्याला जगज्जेता म्हणवून घेता आलं नाही याचं कारण त्याच्या हातांइतकंच त्याच्या जन्मसालात आहे.

‘मग या लढती आधीच ठरलेल्या असतात का?’

बॉक्सिंगमध्ये लबाडी झालीच नाही असं म्हणता येणार नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने प्रमोटर डॉन किंगबरोबर मोठी स्पर्धा सुरू केली. फेब्रुवारीत मिनेसोटाचा स्कॉट लेडू तिथे जॉनी बुड्रोकडून गुणांवर हरल्याचं जाहीर झालं, तेव्हा तो रिंगमध्येच संतापून ओरडला की हे सगळं ठरवून चाललंय. चौकशीत काही बॉक्सरांच्या खात्यावर न झालेल्या लढती चढवल्याचं उघडकीला आलं. वाहिनीने एप्रिलमध्ये स्पर्धा गुंडाळली. आवाज उठवणारा माणूस एक गेटकीपर होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच लेडूने ऑक्टोबरात लिऑन स्पिंक्सला बरोबरीत रोखलं, आणि चारच महिन्यांनी स्पिंक्सने अलीला हरवून जगज्जेतेपद घेतलं.

गेटकीपर हरण्यासाठीच येत असता, तर पुढची दोन उदाहरणं घडलीच नसती.

१९९३ च्या फेब्रुवारीत गार्डनमध्ये रे मर्सर लढायला उतरला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. पुढच्या लढतीत त्याला जगज्जेत्या रिडिक बोसमोर मोठ्या पैशांची संधी मिळणार, असं जवळपास ठरलं होतं. मधला अडसर फक्त जेसी फर्ग्युसन, टायसनकडून सात वर्षांपूर्वी हरलेला, नावावर बरेच पराभव असलेला. फर्ग्युसनने दहा फेऱ्या त्याला जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशांवर ठेवून हरवलं. लढत चालू असतानाच मर्सरने त्याला हरण्यासाठी पैसे देऊ केले, असा आरोप झाला, खटला चालला आणि १९९४ मध्ये मर्सर निर्दोष सुटला. बोविरुद्धची लढत मात्र फर्ग्युसनला मिळाली. मे महिन्यात बोने त्याला दुसऱ्या फेरीत संपवलं. वेशीवरचा माणूस वेशीच्या आत गेला आणि आतली उंची त्याला झेपली नाही. पण मर्सरला त्याने बाहेर ठेवलं, हे खरंच उरतं. याच फर्ग्युसनने १९८५ मध्ये बस्टर डग्लसलाही हरवलं होतं. टोकियोत टायसनला पाडणारा तोच डग्लस.

दुसरं उदाहरण डिसेंबर १९९८, कीव्ह. व्लादिमिर क्लिच्को घरच्या लोकांसमोर लढत होता, वय २२, २४ लढती, २४ विजय. समोर अमेरिकेचा रॉस प्युरिटी, १३ पराभवांचा धनी. क्लिच्को आठ-नऊ फेऱ्या मनसोक्त मारत राहिला. प्युरिटी हात वर ठेवून, खांद्यावर, कोपरांवर ठोसे घेत पुढे येत राहिला. मग क्लिच्कोच्या पायांतला जीव गेला आणि अकराव्या फेरीत लढत थांबवावी लागली. दम पुरवून कसा वापरायचा हा धडा क्लिच्को त्या रात्री शिकला असावा, कारण पुढे जगज्जेता म्हणून तो कमालीचं सावध लढला, आणि २००६ ते २०१५ अशी जवळपास दहा वर्षं टिकला.

‘पैसे तर मिळालेच ना त्यांना?’

मिळाले, पण किती आणि कधी, ते पाहू. चक वेपनर न्यू जर्सीतल्या बेयॉनचा, दिवसा दारूविक्रीचं काम करणारा. त्याच्या भुवया इतक्या सहज फुटायच्या की गावावरून आणि रक्तावरूनच त्याला टोपणनाव पडलं होतं. १९७० मध्ये लिस्टनशी लढल्यावर त्याच्या चेहऱ्याला सत्तरहून अधिक टाके घालावे लागले. मार्च १९७५ मध्ये ओहायोत अलीसमोर उभं राहण्यासाठी त्याला एक लाख डॉलर मिळाले, अलीला पंधरा लाख. नवव्या फेरीत अली खाली बसला. वेपनरने माझ्या पायावर पाय दिला, असं अलीचं म्हणणं. पंधराव्या फेरीत, संपायला १९ सेकंद उरले असताना, पंचांनी वेपनरला थांबवलं.

ती लढत पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोनला ‘रॉकी’ची गोष्ट सुचली. पुढच्या वर्षी आलेल्या त्या चित्रपटाने अमाप पैसा कमावला. वेपनरने २००३ मध्ये दावा लावला, २००६ मध्ये तडजोड झाली. ज्याच्या कहाणीवर एवढं उभं राहिलं, त्याला आपला वाटा मागायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि हे तरी संधी मिळालेल्यांचं. पन्नासच्या दशकात एडी मेचेन आणि झोरा फॉली वर्षानुवर्षं पहिल्या दहात होते. जगज्जेता फ्लॉइड पॅटरसनचा मॅनेजर कस डी’अमाटो त्यांना समोर येऊ देत नव्हता. त्याऐवजी १९५७ मध्ये पॅटरसन ज्याच्याशी लढला, तो पीट रॅडमॅकर ऑलिंपिक विजेता असला तरी त्याची ती आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक लढत होती. मेचेन आणि फॉली मग १९५८ मध्ये एकमेकांशीच लढले आणि बारा फेऱ्यांनंतर बरोबरीत सुटले. त्याच वर्षी स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने मेचेनला पहिल्या फेरीत पाडलं, आणि पुढच्या जूनमध्ये पॅटरसनला हरवून तो जगज्जेता झाला. मेचेनला पाडलं म्हणूनच त्याचं नाव जगाने ऐकलं. फॉलीची पाळी आली १९६७ मध्ये, वय पस्तिशीला टेकल्यावर, समोर ऐन बहरातला अली. सातव्या फेरीत खेळ संपला.

दगड झिजतो तेव्हा

कसोटीच्या दगडावर रेघा उमटतात त्या पुसता येतात. माणसाच्या मेंदूवरच्या पुसता येत नाहीत. डोक्याला पुन्हापुन्हा बसणाऱ्या मारामुळे बॉक्सरांची वाचा, तोल आणि स्मृती बिघडते, हे १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलं होतं. गेटकीपरला हा धोका सर्वांत जास्त. रोजंदारीवरचा बॉक्सर बहुतेक वेळा अंगावर न घेता लढतो. जगज्जेता वर्षातून मोजक्या लढती लढतो आणि निवडून लढतो. गेटकीपर मात्र कायम धोकादायक माणसांसमोर असतो, आणि उठून उभं राहणं हीच त्याची पत असते.

क्वारीने १९९२ मध्ये, ४७ व्या वर्षी, कोलोरॅडोत पुन्हा ग्लोव्हज चढवले. त्या राज्यात तेव्हा बॉक्सिंगवर देखरेख करणारं मंडळच नव्हतं, त्यामुळे परवाना विचारणारं कुणी नव्हतं. मिळाले सुमारे हजार डॉलर. सहा फेऱ्या मार खाऊन तो गुणांवर हरला. पन्नाशीत त्याला खाणंपिणं, कपडे यांसाठीही घरच्यांचा आधार लागत होता. ३ जानेवारी १९९९ रोजी तो गेला, वय ५३. धाकटा भाऊ माइक, तोही बॉक्सर, डोक्याला बसलेल्या माराच्या त्याच आजाराने २००६ मध्ये गेला.

‘मग थांबला का नाही?’ असं लोक विचारतात. ज्याला दुसरं काम येत नाही, जो पंधराव्या वर्षापासून हेच करतो आहे आणि ज्याच्या दारात अजून प्रमोटर येतो, त्याने स्वतःच थांबावं ही अपेक्षा मला क्रूर वाटते. थांबवणं व्यवस्थेचं काम होतं. अमेरिकेत १९९६ मध्ये कायदा झाला: राज्यात मंडळ नसेल तर दुसऱ्या राज्याच्या मंडळाच्या देखरेखीशिवाय लढत घेता येणार नाही, वैद्यकीय तपासणी सक्तीची, आणि एका राज्याने वैद्यकीय कारणाने थांबवलेल्याला दुसऱ्या राज्याने उतरवू नये. २००० मध्ये अलीच्या नावाने आणखी एक कायदा आला, त्याने प्रमोटरांना पैशांचा हिशेब उघड करायला लावला. क्वारीच्या कामी यातलं काहीच आलं नाही.

आज गेटकीपर कुठे आहेत?

आहेत, पण कमी. टायसन १९८६ या एका वर्षात तेरा वेळा लढला. आजचे आघाडीचे हेवीवेट वर्षाला एक-दोन लढती लढतात, आणि अपराजित असणं हेच जाहिरातीचं भांडवल झालं आहे. त्यामुळे खऱ्या कसोटीला सामोरं जायची घाई कुणाला नसते. तरी काम संपलेलं नाही. ओलेक्झांडर उसिक खालच्या गटातून हेवीवेटमध्ये आला, तेव्हा एवढ्या मोठ्या माणसांचा भार त्याला सोसेल का, हा प्रश्न होता. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लंडनला डेरेक चिसोराने त्याला बारा फेऱ्या तो प्रश्न विचारला. उसिक गुणांवर जिंकला आणि अकरा महिन्यांनी जगज्जेता झाला.

पाहायचं असेल तर

फोरमन आणि रॉन लाइल यांची २४ जानेवारी १९७६ ची लास वेगासमधली लढत शोधा. लाइल तरुणपणी खुनाच्या गुन्ह्यात कोलोरॅडोच्या तुरुंगात होता. तिथे भोसकला गेला, मरता मरता वाचला आणि तिथेच बॉक्सिंग शिकला. व्यावसायिक पदार्पण तिशीत. १९७५ मध्ये अलीविरुद्ध दहा फेऱ्या झाल्या तेव्हा गुणांत अली त्याच्या पुढे नव्हता. अकराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली.

फोरमनची ती अलीकडून हरल्यानंतरची पहिली मोठी लढत होती. चौथी फेरी लावा. लाइल फोरमनला पाडतो. फोरमन उठतो आणि लाइलला पाडतो. लाइल उठतो आणि फेरी संपता संपता फोरमनला पुन्हा पाडतो. तीन मिनिटांत हे सगळं. पाचव्या फेरीत फोरमनने त्याला दोरांवर गाठलं आणि लाइल पुढच्या पुढे कोसळला.

लाइल पुढे डेन्व्हरच्या एका व्यायामशाळेत मुलांना बॉक्सिंग शिकवत राहिला. २०११ च्या नोव्हेंबरात तो गेला.